दुसऱ्याच्या मैदानावर

जायंट्सचा चाहता डॉजर स्टेडियममध्ये मॅच बघून परत आला की त्याच्या तक्रारींची यादी ठरलेली असते. ट्रॅफिक. पार्किंग. मॅच संपल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायला लागलेला वेळ. आजूबाजूला हजारो निळे टीशर्ट आणि त्यात आपली एकच नारिंगी टोपी. आपली टीम हरली तर टोमणे, जिंकली तर शिव्या. तिसऱ्या इनिंगला उगवणारे आणि सातवी संपता संपता गाडीकडे पळणारे लोकल प्रेक्षक. सोमवारी हापिसात कॉफी मशीनपाशी ही यादी साग्रसंगीत वाचली जाते आणि शेवटी सर्वानुमते ठराव पास होतो की एल.ए.चे लोकच तसले.

मी मूळचा क्रिकेटवाला. नोकरीसाठी बे एरियात आलो, पहिल्या टीममधल्या लोकांनी धरून मॅचला नेलं आणि जायंट्सचा झालो. यात निष्ठा वगैरे काही नाही, पिनकोडचा प्रश्न आहे. एल.ए.ला नोकरी लागली असती तर आज निळी टोपी घालून हाच लेख उलट्या बाजूने लिहिला असता. माझा एक जुना मित्र, ठाण्याचा, नेमका तिथे आहे आणि कट्टर डॉजर्सवाला आहे. त्याच्यामुळे त्या स्टेडियमची वारी मलाही घडते.

तर मंडळी, या यादीचं एक गंमतशीर आहे. थोडं वाचायला लागल्यावर लक्षात येतं की यातल्या बऱ्याच गोष्टींचा एल.ए.च्या लोकांच्या स्वभावाशी काडीचा संबंध नाही. १९५० ते १९६२ या बारा वर्षांत काही माणसांनी काही निर्णय घेतले. टीम कुठे न्यायची, स्टेडियम कुठल्या टेकडीवर बांधायचं, भोवती काय ठेवायचं. ते निर्णय घेताना समोरच्या टीमचा प्रेक्षक येईल, येईल तर कसा येईल, आणि अंधारात परत कसा जाईल, हा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. मग २०११ मध्ये हाच प्रश्न कोर्टात उभा राहिला. पण ते पुढे.

आधी न्यूयॉर्कला जावं लागेल. आज कॅलिफोर्नियाची म्हणून ओळखली जाणारी ही भाऊबंदकी मूळची तिथली. जायंट्स मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला, पोलो ग्राउंड्सवर. (तिथे पोलो खेळत नसत. नाव जुन्या मैदानाचं, तेच पुढे चिकटलं.) डॉजर्स ब्रुकलिनमध्ये, १९१३ साली उघडलेल्या एबेट्स फील्डवर. डॉजर्स हे नावच मुळी रस्त्यावरच्या ट्रामगाड्या चुकवत चालणाऱ्या ब्रुकलिनकरांवरून पडलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तेव्हा लीगमध्ये आठ टीम, सीझनमध्ये १५४ मॅचेस. म्हणजे या दोघांच्या दरवर्षी एकमेकांशी २२ मॅचेस, अकरा इकडे आणि अकरा तिकडे. ब्रुकलिनच्या माणसाला शत्रूच्या मैदानावर जायचं तर सबवेत बसायचं. १९४८ पर्यंत तिकीट पाच सेंट. चर्चगेटला उतरून वानखेडेला चालत जावं तसला प्रकार. एबेट्स फील्डला गाड्या लावायला जागा होती सातशेच्या आसपास, आणि तीस-बत्तीस हजार प्रेक्षकांना ते बराच काळ पुरत होतं, कारण लोक गाडीने येतच नव्हते.

यातून काय झालं, तर पाहुणा प्रेक्षक हा पाहुणा राहिलाच नाही. समोरच्या मैदानावर तुमचेही हजारो लोक असायचे. १९३४ ची गोष्ट बघा. सीझनच्या आधी जायंट्सचा खेळाडू-मॅनेजर बिल टेरी याने पत्रकारांशी बोलताना ब्रुकलिनवर शेरा मारला, की ते अजून लीगमध्ये आहेत का? पत्रकारांनी अर्थातच ते छापलं. सप्टेंबरच्या शेवटच्या दोन दिवसांत जायंट्सना चॅम्पियनशिपसाठी जिंकणं भाग होतं आणि समोर डॉजर्स, पोलो ग्राउंड्सवर. ब्रुकलिनकर बोर्ड रंगवून, सबवेत कोंबून तिथे पोचले आणि टेरीच्या घरात बसून त्याला त्याचंच वाक्य परत ऐकवलं. डॉजर्सनी दोन्ही मॅचेस जिंकल्या. चॅम्पियनशिप गेली सेंट लुईसला. डॉजर्सना स्वतःला त्यातून दमडी मिळाली नाही, पण शेजाऱ्याचं नुकसान झालं हे काय कमी आहे?

सगळं गोड होतं असं मात्र समजू नका. १९३८ मध्ये ब्रुकलिनच्या एका बारमध्ये डॉजर्सच्या पराभवावरून चिडवाचिडवी झाली आणि एका चाहत्याने पिस्तूल आणून दोघांवर गोळ्या झाडल्या. जायंट्सच्या बाजूने बोलणारा माणूस मेला. "जुन्या काळी खेळ खेळासारखा बघायचे हो" असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी.

आणि १९५१. अमेरिकन बेसबॉलमधला सगळ्यात जास्त वेळा दाखवला गेलेला फटका. ऑगस्टमध्ये डॉजर्स साडेतेरा मॅचेसनी पुढे होते. जायंट्सनी ते अंतर भरून काढलं, बरोबरी झाली, तीन मॅचेसचा निकाल लावायचं ठरलं. ३ ऑक्टोबरला तिसरी मॅच पोलो ग्राउंड्सवर. शेवटच्या इनिंगमध्ये बॉबी थॉमसनने राल्फ ब्रँकाला होमरन मारला आणि डॉजर्स ५-४ ने हरले. ब्रुकलिनमध्ये पुढची पन्नास वर्षं लोक हे दुःख सांगत होते. मग २००१ मध्ये जोशुआ प्रेगर नावाच्या पत्रकाराने जुन्या खेळाडूंना बोलतं करून छापलं, की त्या सीझनच्या उत्तरार्धात जायंट्सनी मैदानाच्या मागच्या टोकाला, आपल्या क्लबहाऊसच्या खिडकीत, दुर्बीण लावली होती. समोरच्या कॅचरच्या खुणा दुर्बिणीतून बघायच्या, बझरने बातमी खाली पाठवायची आणि आपल्या बॅट्समनला सांगायचं की पुढचा चेंडू कसला. थॉमसनने शेवटपर्यंत सांगितलं की त्या एका चेंडूवर त्याने मदत घेतली नव्हती. असेलही. पण पन्नास वर्षं "पोलो ग्राउंड्सवर आमच्याशी काहीतरी गडबड होते" म्हणणारे ब्रुकलिनकर सरसकट वेडे नव्हते एवढं नक्की.

आता टीम हलल्या कशा? डॉजर्सचा मालक वॉल्टर ओ'मॅली याला ब्रुकलिनमध्येच नवं स्टेडियम हवं होतं, अटलांटिक आणि फ्लॅटबुश अव्हेन्यूच्या नाक्याजवळ, रेल्वेच्या डोक्यावर. जागा मिळवून देणं ज्याच्या हातात होतं तो रॉबर्ट मोझेस हो म्हणेना. तो क्वीन्समधली जागा दाखवत होता. ओ'मॅलीचं म्हणणं, क्वीन्सला जायचं तर मग ब्रुकलिनचे डॉजर्स कसले, कुठेही जाऊ की. आणि गेला तो थेट तीन हजार मैलांवर! जायंट्सच्या होरेस स्टोनहॅमचं तर प्रेक्षकच आटले होते. १९५७ च्या सीझनमध्ये साडेसहा लाखांच्या आसपास लोक आले. मुलांना वाईट वाटेल याचं काही वाटत नाही का, असं विचारल्यावर तो साधारण असं म्हणाला, की मुलांसाठी वाईट वाटतं, पण त्यांचे बाप हल्ली फारसे दिसले नाहीत. धंद्याच्या हिशोबाने उत्तर चोख आहे. ऑगस्ट १९५७ मध्ये जायंट्सनी जाहीर केलं, ऑक्टोबरमध्ये डॉजर्सनी. १९५८ च्या एप्रिलपासून दोन्ही टीम कॅलिफोर्नियात.

भांडण तेच राहिलं, पण दोघांमधलं अंतर एका सबवेच्या प्रवासावरून सहाशे किलोमीटरवर गेलं. इथून पुढे शत्रूच्या मैदानावर जाणं म्हणजे रजा, पेट्रोल, हॉटेल. साहजिकच तिथे जाणारे थोडे झाले. आणि थोडे झाले की ते उठून दिसतात.

एल.ए.त डॉजर्सनी पहिली चार वर्षं ऑलिंपिक झालेल्या कोलिसियममध्ये काढली. बेसबॉलसाठी भयंकर जागा. लेफ्ट फील्डचं कुंपण अवघ्या २५१ फुटांवर, म्हणून त्यावर ४२ फुटी जाळी. उलट बाकी प्रेक्षक इतके लांब की खेळाडू मुंग्यांएवढे. १८ एप्रिल १९५८ ला तिथे पहिली मॅच झाली, जायंट्सविरुद्धच, ७८,६७२ लोक आले. लांबून काही दिसत नाही म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायला लागले आणि मैदानात बसून व्हिन स्कलीची कॉमेंट्री ऐकायला लागले. पाहुण्याची गंमत बघा. डोळ्यांसमोर आपली टीम हरतेय आणि चहूबाजूंनी हजारो रेडिओ ते अतिशय सुंदर इंग्रजीत समजावून सांगतायत.

आता त्या टेकडीबद्दल.

डॉजर स्टेडियम आहे तिथे, डाउनटाउनच्या उत्तरेला, चावेझ रविन नावाचा भाग होता. पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या. मुख्यतः मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबं. कच्चे रस्ते, शेळ्या-कोंबड्या, चर्च, शाळा. शहराच्या नकाशात ही "झोपडपट्टी". १९५० च्या जुलैमध्ये हजारावर कुटुंबांना शहराच्या हाउसिंग अथॉरिटीचं पत्र आलं. तुमच्या जागी सरकारी घरांचा मोठा प्रकल्प होणार, जागा सोडा, नव्या घरांत पहिला हक्क तुमचा. आराखडा रिचर्ड नॉयट्रा आणि रॉबर्ट अलेक्झांडर या आर्किटेक्टांचा. नाव एलिशियन पार्क हाइट्स. पुनर्वसनाचं आश्वासन आणि त्याचं पुढे काय होतं हा अनुभव आपल्याला वेगळा सांगायला नको. बहुतेकांनी घरं विकली आणि गेले.

आणि मग घरंच बांधली गेली नाहीत! तो काळ कम्युनिस्ट शोधण्याचा. सरकारी घरं म्हणजे समाजवाद असा ओरडा झाला. हाउसिंग अथॉरिटीतला फ्रँक विल्किन्सन हा या प्रकल्पाचा खंदा पुरस्कर्ता. त्याला त्याच्या राजकीय संबंधांबद्दल प्रश्न विचारले गेले, त्याने उत्तर द्यायला नकार दिला, १९५२ मध्ये त्याची नोकरी गेली. १९५३ मध्ये सरकारी घरांना विरोध करणारा नॉरिस पोल्सन महापौर झाला आणि प्रकल्प गुंडाळला. शहराने ती जमीन केंद्र सरकारकडून स्वस्तात परत घेतली. अट एवढीच की ती सार्वजनिक कामासाठी वापरायची.

१९५७ मध्ये ओ'मॅलीशी करार झाला. तीनशे एकरांच्या आसपास जमीन डॉजर्सना, बदल्यात ओ'मॅलीने नुकतंच विकत घेतलेलं रिग्ली फील्ड हे एल.ए.तलं छोटं स्टेडियम शहराला. स्टेडियमचा खर्च त्याने स्वतः करायचा. खाजगी स्टेडियम हे सार्वजनिक काम कसं, असं विचारणारे निघालेच. प्रकरण मतदानाला गेलं. ३ जून १९५८. मतदानाच्या दोन दिवस आधी टीव्हीवर पाच तासांचा प्रचाराचा कार्यक्रम झाला, त्यात रोनाल्ड रेगनही होते, तेव्हा फक्त नट. सुमारे पावणेसात लाख मतं पडली, करार वाचला पंचवीस हजारांच्या आसपासच्या फरकाने.

तोवर काही मोजकी कुटुंबं तिथेच चिवटपणे राहत होती. ८ मे १९५९ ला शेरीफचे लोक आले. अरेचिगा कुटुंबाच्या घरातून ऑरोरा वार्गास या बाईंना हात-पाय धरून उचलून जिन्यावरून खाली आणलं. टीव्हीचे कॅमेरे समोर होते. पाठोपाठ बुलडोझरने घर पाडलं. कुटुंब तिथेच उघड्यावर राहिलं. मग वर्तमानपत्रांनी शोधून काढलं की या कुटुंबाची शहरात आणखी घरं आहेत, आणि लोकांची सहानुभूती दोन-चार दिवसांत आटली. जणू दुसरं घर असलं की पहिल्यातून फरफटत काढायला हरकत नाही! सप्टेंबरमध्ये भूमिपूजन झालं. १० एप्रिल १९६२ ला स्टेडियम उघडलं.

(हे लिहिताना एक उलटा योग दिसला. ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड १९६० मध्ये पाडलं, पोलो ग्राउंड्स १९६४ मध्ये. दोन्हीकडे तोच, बेसबॉलसारखा रंगवलेला, लोखंडी गोळा वापरला. आणि दोन्ही जागांवर लोकांना राहायला उंच इमारती उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कने स्टेडियम पाडून घरं बांधली, एल.ए.ने घरं पाडून स्टेडियम.)

स्टेडियम सुंदर आहे, हे जायंट्सचा चाहता असूनही मान्य करतो. मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर, संध्याकाळी त्यावर पडणारा प्रकाश, आणि कुठल्याही खुर्चीतून मैदान स्वच्छ दिसतं. पण ओ'मॅलीच्या डोक्यात प्रेक्षक होता तो एकच. स्वतःच्या गाडीने फ्रीवेवरून येणारा, मॅच बघणारा, फ्रीवेवरून जाणारा. ५६,००० खुर्च्या आणि १६,००० गाड्यांची जागा. ट्रामगाड्या चुकवणाऱ्यांच्या नावाची टीम गाड्यांच्या समुद्राच्या मध्यभागी जाऊन बसली. उद्घाटनाच्या वेळी प्रेक्षकांसाठी पिण्याच्या पाण्याचे नळच नव्हते. विसरले म्हणे. शीतपेयांची विक्री मात्र विसरले नव्हते.

यादीतल्या तक्रारी आता एकेक करून तपासा. लोक तिसऱ्या इनिंगला का येतात? संध्याकाळच्या गर्दीत हजारो गाड्या मोजक्या गेटमधून टेकडीवर चढतात म्हणून. सातव्याला का पळतात? त्याच गाड्या एकाच वेळी उतरायच्या असतात म्हणून. हा आळस नाही, क्यूइंग थिअरी आहे. आम्ही सर्व्हरसाठी हेच गणित करतो, फक्त तिथे रिक्वेस्ट शिव्या देत नाहीत.

पाहुण्याला जाणवणारी गोष्ट अजून वेगळी आहे. बहुतेक जुन्या मैदानांतून तुम्ही बाहेर पडता ते रस्त्यावर. टपऱ्या, बार, स्टेशन, कुत्रा फिरवणारी माणसं. दोन मिनिटांत तुम्ही प्रेक्षक उरत नाही, रस्त्यावरचा एक माणूस होता. डॉजर स्टेडियममधून बाहेर पडलात की अंधार आणि डांबर. भोवती वस्ती नाही, कारण ती काढली. आसपास चालणारी माणसं सगळी तीच, जी तीन तास तुमच्या टोपीकडे बघत होती. बीअर पिऊन, आणि गाडी कुठल्या लॉटमध्ये लावली ते शोधत.

म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत पाहुण्याला पायघड्या घालत होते का? छे. १९६० ते १९९९ जायंट्स कँडलस्टिक पार्कमध्ये खेळले. खाडीच्या काठावर, वारा असा की उन्हाळ्यात गोधडी घेऊन जावं. रात्रीची मॅच लांबली आणि शेवटपर्यंत टिकलात तर १९८३ पासून जायंट्स चक्क बिल्ला द्यायला लागले, शौर्यपदक असल्यासारखा. खुद्द क्लबने कबूल केलं की आमच्याकडे बसणं हे शौर्य आहे! १९६२ च्या ऑगस्टमध्ये डॉजर्स आले तेव्हा त्यांचा मॉरी विल्स बेस चोरण्यात पटाईत (त्या सीझनला १०४ चोरले). मॅनेजर अल्विन डार्कच्या सांगण्यावरून मैदान सांभाळणाऱ्यांनी विल्स धावतो ती पट्टी पाणी मारून चिखल करून ठेवली. अंपायर चिडले, वाळू टाकायला लावली, पण जायंट्स तिन्ही मॅचेस जिंकले. सीझनअखेर पुन्हा बरोबरी, पुन्हा तीन मॅचेस, आणि ३ ऑक्टोबर १९६२ ला, १९५१ नंतर बरोब्बर अकरा वर्षांनी, नव्या कोऱ्या डॉजर स्टेडियममध्ये जायंट्सनी शेवटच्या इनिंगला चार रन काढून ६-४ ने मॅच नेली. शत्रूच्या मैदानावर जायंट्सच्या चाहत्याला यापेक्षा गोड संध्याकाळ कधी मिळाली असेल असं वाटत नाही.

आणि २२ ऑगस्ट १९६५, पुन्हा कँडलस्टिक. जायंट्सचा पिचर हुआन मारिचाल बॅटिंगला उभा असताना डॉजर्सचा कॅचर जॉन रोझबरो याने पिचरकडे परत फेकलेला चेंडू त्याच्या कानाजवळून गेला. बाचाबाची झाली आणि मारिचालने बॅट रोझबरोच्या डोक्यात घातली. चौदा टाके. मारिचालच्या देशात, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, तेव्हा यादवी चालू होती. रोझबरोच्या शहरात नुकतीच वॉट्सची दंगल झाली होती. दोघांच्याही डोक्यात त्या दिवशी बेसबॉलपेक्षा बरंच काही असणार. पुढे दोघं मित्र झाले. २००२ मध्ये रोझबरो गेला तेव्हा अंत्ययात्रेत मानाने सामील झालेल्यांत मारिचाल होता. खेळाडूंचं हे असं असतं. ते एकमेकांना फोन करू शकतात, माफी मागू शकतात. स्टँडमधली माणसं एकमेकांची नावंसुद्धा जाणत नाहीत.

३१ मार्च २०११. सीझनची पहिली मॅच, डॉजर स्टेडियम, डॉजर्स २-१ ने जिंकले. उत्तर कॅलिफोर्नियातून मित्रांबरोबर आलेला एक जायंट्सचा चाहता, पेशाने पॅरामेडिक, जर्सी घालून पार्किंगमधून चालत असताना दोघांनी त्याला मागून मारलं, पडल्यावर लाथा घातल्या. कवटी फुटली. तो कित्येक महिने हॉस्पिटलात होता आणि मेंदूला झालेली इजा कायमची राहिली. पोलिसांनी आधी गाजावाजा करून भलत्याच माणसाला पकडलं, मग सोडलं. खरे दोघे जुलैमध्ये सापडले. २०१४ मध्ये गुन्हा कबूल करून एकाला आठ, दुसऱ्याला चार वर्षांची शिक्षा झाली.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा खटला, नुकसानभरपाईचा. प्रश्न सरळ होता. मारलं दोघांनी. पण तिकीट विकलं क्लबने, पार्किंगचे पैसे घेतले क्लबने, बीअर विकली क्लबने. मग त्या डांबरावरून तुमच्या गाडीपर्यंत तुम्ही धड पोचाल ही जबाबदारी कुणाची? त्या माणसाच्या वकिलांचं म्हणणं, पार्किंगमध्ये पुरेसे गार्ड नव्हते, पुरेसा उजेड नव्हता. क्लबच्या वकिलांचं म्हणणं, बंदोबस्त भरपूर होता, आणि तो माणूस स्वतःही प्यायलेला होता. जुलै २०१४ मध्ये ज्युरीने भरपाई ठरवली सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर. जबाबदारीत डॉजर्स क्लबचा वाटा एक चतुर्थांश, बाकी दोघा हल्लेखोरांचा. तेव्हाचा मालक फ्रँक मॅकोर्ट व्यक्तिशः सुटला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात उपचार, बुडालेला पगार अशा आर्थिक नुकसानीची भरपाई दोषींपैकी कुणाकडूनही पूर्ण वसूल करता येते, त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक रक्कम क्लबवरच आली.

माझा मित्र आणि मी यावर एकदा तासभर वाद घातला.

"अरे, दोन गुंडांनी मारलं त्याला क्लब काय करणार? उद्या लोकलमध्ये मारामारी झाली तर काय स्टेशनमास्तरला धरणार तू?"

"स्टेशनमास्तर मला निळी टोपी घालून ये, शत्रूचा बाजा वाजव, असं सांगत नाही ना. ही खुन्नस हेच विकतात. तिकिटाचे दरसुद्धा या मॅचेसना चढे लावतात. मग खुन्नस विकायची तर तिचा बंदोबस्तही यांनीच करायचा."

त्याने यावर एकच सांगितलं. "२०१३."

बरोबर होतं त्याचं. सप्टेंबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, जायंट्स-डॉजर्स मॅचनंतर, मैदानापासून काही ब्लॉक्सवर भांडण होऊन डॉजर्सच्या एका चाहत्याला भोसकलं गेलं आणि तो मेला. त्याच्या तर आजूबाजूला रस्ता होता, बार होते, दिवे होते. म्हणजे डांबर हे सगळ्याचं उत्तर नाही. ज्युरीने क्लबला पंचवीस टक्केच दिले याचा अर्थ मी आता असाच लावतो.

२०११ नंतर डॉजर स्टेडियममध्ये पोलीस वाढले, आणि युनियन स्टेशनवरून २०१० मध्ये सुरू झालेली बस आहेच. मॅचचं तिकीट दाखवलं की फुकट. मी तीच सुचवतो. गाडी नको. आणि जाता जाता एक: मॅकोर्टने २०१२ मध्ये दोनशे कोटी डॉलरच्या वर घेऊन डॉजर्स विकले, पण पार्किंगच्या जमिनीतला आपला वाटा ठेवून घेतला. बेसबॉलपेक्षा टेकडीवरचं डांबर जास्त भरवशाचं, हे त्याला कळलं होतं.

हे सगळं वाचताना मला सगळ्यात आवडलेली गोष्ट व्हिन स्कलीची. ज्याचा आवाज त्या हजारो ट्रान्झिस्टरमधून पाहुण्यांना छळायचा तो माणूस लहानपणी जायंट्सचा चाहता होता! न्यूयॉर्कमध्ये, पोलो ग्राउंड्सपासून फार लांब नाही अशा भागात वाढलेला. २ ऑक्टोबर १९३६ ला, आठ वर्षांचा असताना, शाळेतून येताना एका लाँड्रीच्या दारात त्याने वर्ल्ड सिरीजचा स्कोअर वाचला. यँकीज १८, जायंट्स ४. त्याला हरणाऱ्यांची दया आली आणि तो जायंट्सचा झाला. १९५० पासून ६७ सीझन त्याने डॉजर्सची कॉमेंट्री केली, आणि त्याची शेवटची मॅच आली ती सॅन फ्रान्सिस्कोत, जायंट्सच्या मैदानावर, २ ऑक्टोबर २०१६ ला. लाँड्रीतल्या त्या पाटीनंतर बरोबर ऐंशी वर्षांनी. विली मेज त्याला भेटायला कॉमेंट्रीच्या केबिनमध्ये आला. नारिंगी टोप्यांच्या त्या मैदानाने उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मॅच जायंट्सनी ७-१ ने जिंकली, आणि एल.ए.तला माझा मित्र फोनवर म्हणाला की स्कोअर पुन्हा सांगू नकोस, फक्त टाळ्या किती वेळ चालल्या ते सांग.